हक्काचें दार आणि दाराशीं बसलेला कारकून

(अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याच्या मताधिकाराविषयीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)

अध्यक्ष महाराज, आणि नांगर, माग, भाता, चाक बाजूस ठेवून आलेल्या बंधु-भगिनींनो,

आज आम्ही आपणांस अमेरिकेंतील एका राज्याची हकीकत सांगणार आहों. कोणी म्हणेल, "आमच्या विहिरीला पाणी नाहीं, कापसाला भाव नाहीं, आणि हे सातासमुद्रांपलीकडची कथा कां लावून बसले?" बाबांनो, ही कथा कापूस पिकविणाऱ्यांचीच आहे. ऐकून घ्या, मग काय तें बोला.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें आणि तें अमेरिकेंतील गुलामांना दास्यांतून सोडविणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्यापूर्वीं आठ वर्षें, १८६५ सालीं, तेथील गुलामांचा बाजार कायद्यानें उठला होता. परक्या देशांतल्या माणसांच्या बेड्या तुटल्या म्हणून पुण्यांतल्या एका माळ्याच्या मुलास आनंद झाला. परंतु बेडी तुटली त्यांचें पुढें काय झालें, हें आम्ही कधीं विचारलें काय? तीच गोष्ट आज मिसिसिपी या एका राज्यापुरती सांगतों.

मिसिसिपी हें एका मोठ्या नदीचें नांव आणि त्या नदीच्या काठच्या राज्याचेंही नांव. काळी, खोल, गाळाची जमीन. तेथें कापूस असा पिकतो कीं पाहत राहावें. हा कापूस वेंचीत कोण होता? १८६० च्या खानेसुमारींत या राज्याची वस्ती ७,९१,३०५ भरली, त्यांत ४,३६,६३१ माणसें गुलाम होतीं. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसें बैलासारखीं दावणीला बांधलेलीं. पीक त्यांच्या घामाचें, पैसा मळेवाल्याचा.

यादवी युद्ध झालें, गुलामगिरी गेली. देशाच्या घटनेंत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या दुरुस्तीनें गुलामगिरी बंद केली. १८६८ च्या दुरुस्तीनें सर्वांस नागरिक केलें. १८७० च्या दुरुस्तीनें सांगितलें कीं वर्णावरून वा पूर्वीच्या गुलामगिरीवरून कोणाचें मत हिरावून घेतां येणार नाहीं. गंमत पाहा: यांतली पहिली दुरुस्ती मिसिसिपीच्या विधिमंडळानें त्या वेळीं फेटाळली. ती मान्य केली १९९५ सालीं. आणि मान्यतेचा कागद रीतसर दप्तरीं दाखल होण्यास २०१३ साल उजाडलें!

तरीही प्रारंभीं दिवस बरे आले. कालपर्यंत ज्यांस अक्षर शिकणें मना होतें तीं माणसें मतें देऊं लागलीं. १८७० सालीं हायरम रेव्हल्स हा काळा गृहस्थ मिसिसिपीतून देशाच्या वरिष्ठ सभेंत, म्हणजे सेनेटांत, जाऊन बसला. तेथें बसणारा तो पहिला काळा मनुष्य. १८७५ सालीं ब्लांश ब्रूस गेला. तो तर जन्मानें गुलाम. राज्यांत सार्वजनिक शाळा निघाल्या. गोरगरिबांचीं मुलें, काळीं आणि गोरींही, पाटी घेऊन बसूं लागलीं. मत हातीं आलें कीं शाळा दारीं येते, हें येथें ध्यानांत ठेवा.

हें मळेवाल्यांस कसें सोसावें? १८७५ च्या निवडणुकींत त्यांनीं बंदुका बाहेर काढल्या. सभा उधळल्या, माणसें मारलीं, रात्रीं घरांवर चालून गेले. याझू नांवाच्या कौंटींत (कौंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढा जिल्हा समजा) काळ्या लोकांची वस्ती अधिक. पण त्यांच्या पक्षास त्या वर्षीं अवघीं ७ मतें पडलीं. सात! दहशत म्हणजे काय, हें त्या एका आंकड्यांत आलें.

परंतु बंदुकीचा आवाज दूर जातो. दर निवडणुकीस खून पाडणें अवघड, आणि वॉशिंग्टनचें सरकार केव्हां विचारील याचा नेम नाहीं. म्हणून शहाण्यांनीं दुसरी युक्ति काढली. बंदुकीचें काम कागदाकडून करून घ्यावयाचें. १८९० सालीं जॅक्सन शहरीं नवी राज्यघटना करण्यास सभा भरली. १३४ सभासद, त्यांत काळा एक. ज्यांच्या गळ्यास दोर लावावयाचा त्यांच्यापैकीं एक, आणि दोर वळणारे एकशें तेहतीस! ही घटना लोकांच्या मतास घालण्याचीही तसदी घेतली नाहीं.

आतां त्या घटनेंतील खुबी ऐका. मताच्या कलमांत "काळा" हा शब्द कोठेंही नाहीं. नियम सर्वांस सारखा. पहिली अट, राज्यांत दोन वर्षें आणि आपल्या मतदान विभागांत एक वर्ष राहिलेला असावा. अर्धेलीनें शेती करणारा वाटेकरी दर सालीं मळा बदलतो. तो येथेंच गळाला. दुसरी अट, दोन डॉलर डोईपट्टी भरलेली असावी, तीही निवडणुकीच्या कितीतरी महिने आधीं, फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेच्या आंत. आणि पावत्या जपून ठेविलेल्या असाव्या. ज्याचा सगळा हिशेब मळेवाल्याच्या दुकानच्या चोपडींत, ज्यास वर्षभर रोकड दिसत नाहीं, त्यानें दोन डॉलर कोठून आणावे? आणि आणले तरी गळक्या छपरांत पावती दोन वर्षें कशी राखावी?

तिसरी अट तर सोन्याच्या कोंदणांत बसवावी अशी. मतदारास राज्यघटनेचें कोणतेंही कलम वाचतां यावें. किंवा वाचून दाखविलें असतां समजावें. किंवा त्याचा योग्य अर्थ सांगतां यावा. ऐकतांना किती रास्त वाटतें! पण कलम कोणतें तें निवडणार कोण? कारकून. अर्थ योग्य कीं अयोग्य हें ठरविणार कोण? तोच कारकून. त्या घटनेंत कलमें २८५. गोरा आला कीं त्यास विचारावें, "कर्जापायीं कोणास तुरुंगांत घालूं नये, याचा अर्थ काय?" काळा आला कीं कर, कंपन्या आणि कोर्टाचे अधिकार यांचें जंजाळ त्याच्यापुढें टाकावें. पुढें सत्तर वर्षांनीं कोर्टापुढें पुरावा आला कीं हॅटिझबर्ग येथें मोठ्या पदव्या घेतलेले काळे शिक्षक या परीक्षेंत नापास, आणि जेमतेम सही करणारे गोरे पास! चाळण एकच, पण भोकें कारकुनाच्या बोटांखालीं.

चौथी अट, कांहीं गुन्हे केलेल्यांस मत नाहीं. कोणते गुन्हे? चोरी, घरफोडी, खोटी सही, फसवणूक, आग लावणें, दोन लग्नें करणें वगैरे. खुनाचें नांव त्या यादींत नव्हतें! कोंबडी चोरणारा मतास मुकला, आणि माणूस मारणारा मतास लायक राहिला. कां? तर जे गुन्हे काळे लोक करतात असें त्या सभेस वाटलें तेच निवडून घातले. हें आमचें म्हणणें नव्हे. १८९६ सालीं त्याच राज्याच्या वरिष्ठ कोर्टानें एका निकालांत हें बेलाशक लिहून ठेविलें आहे.

परिणाम काय झाला? १८९२ सालीं मत देण्याच्या वयाचे काळे पुरुष सुमारें १,४७,००० होते. नोंद झाली सुमारें ८,६०० जणांची. शंभरांतून सहाही नाहींत. आणि बंधूंनो, येथें एक गोष्ट कानांत घालून ठेवा. गरीब गोरा शेतकरीही या चाळणींतून हजारोंनीं गळाला. त्यास सांगितलें होतें, "हा कायदा काळ्यांसाठीं आहे, तूं स्वस्थ राहा." तो स्वस्थ राहिला, आणि दोन डॉलर नाहींत म्हणून स्वतःही बाहेर बसला. शेजाऱ्यासाठीं खणलेल्या खड्ड्याचें तोंड आपल्या घराकडेंही असतें, हें त्यास उशिरां कळलें.

"मग कोर्टांत कां गेले नाहींत?" असें कोणी विचारील. गेले. हेन्री विल्यम्स नांवाच्या काळ्या मनुष्यावर खुनाचा खटला झाला. पंच सगळे गोरे, कारण पंच मतदारांतून निवडावयाचे आणि मतदार गोरे. म्हणजे मत गेलें त्याबरोबर न्यायाच्या बांकावरची जागाही गेली. तो देशाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेला. १८९८ सालीं कोर्टानें सांगितलें, या कायद्याच्या शब्दांत वर्णभेद दिसत नाहीं. कायदा वाईट रीतीनें चालविला जातो असें सिद्ध झालें नाहीं. झालें! कोर्टानें कागद पाहिला. कागदामागचा हात पाहिला नाहीं. दक्षिणेकडील दुसऱ्या राज्यांनीं हा धडा गिरविला आणि तशाच घटना केल्या.

साठ-सत्तर वर्षें असें चाललें. दुसऱ्या महायुद्धांत काळे शिपाई युरोपांत लढून आले. त्यांतला मेडगर एव्हर्स १९४६ सालीं आपल्या गांवीं मत देण्यास सोबत्यांसह गेला, तर पुढें हत्यारबंद गोरे उभे. परदेशांत लोकशाहीसाठीं गोळ्या झेलणाऱ्यास स्वतःच्या गांवीं पेटीपर्यंत जातां येईना. हाच एव्हर्स १९६३ च्या जून महिन्यांत जॅक्सन येथें आपल्या घराच्या दारांत गोळी लागून मेला. मारेकऱ्यास शिक्षा झाली १९९४ सालीं.

इकडे लोक जागे होत आहेत असें पाहून विधिमंडळानें चाळण आणखी बारीक केली. पूर्वीं वाचणें किंवा समजणें पुरे होतें. १९५४ च्या दुरुस्तीनंतर वाचणें, लिहिणें आणि अर्थ सांगणें हें सगळेंच आलें. पुढें "चारित्र्य चांगलें असावें" हीही अट आली. चारित्र्य पाहणार पुन्हां तोच कारकून! १९६२ च्या कायद्यानें ठरविलें कीं नोंदणीस अर्ज करणाऱ्याचें नांव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रांत छापावें. छापण्याचा हेतु काय, हें सांगावयास हवें काय? मळेवाल्यानें वाचावें, सावकारानें वाचावें, आणि रात्रीं तोंडास फडकें बांधून फिरणाऱ्यांनींही वाचावें.

आतां आम्ही एका बाईची गोष्ट सांगतों. मायबहिणींनीं विशेष लक्ष द्यावें. फॅनी लू हेमर हें तिचें नांव. १९१७ चा जन्म. वीस भावंडांत धाकटी. आईबाप दुसऱ्याच्या मळ्यांत अर्धेलीनें राबणारे. हीही लहानपणापासून कापूस वेंचणारी. आपल्याला मत देण्याचा हक्क आहे, हें तिला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं कळलें! घरांत पुरून ठेविलेला हंडा जसा नातवास सांपडावा तसें झालें.

३१ ऑगस्ट १९६२ रोजीं सतरा सोबत्यांबरोबर ती मोटारींतून इंडियानोला या कौंटीच्या गांवीं नोंदणीस गेली. कारकुनानें कायद्यांतील एक कीचकट कलम पुढें टाकलें, आणि बाई नापास झाली. परततांना पोलिसांनीं मोटार अडविली. गुन्हा काय? तर मोटारीचा रंग फार पिवळा आहे! हंसूं नका, असाच दंड झाला, आणि प्रवाशांनीं पदरचे पैसे गोळा करून तो भरला. घरीं आली तों मळेवाला दारांत उभा. ज्या मळ्यांत अठरा वर्षें घाम गाळला त्याचा मालक म्हणाला, नोंदणीचा अर्ज मागें घे, नाहींतर जागा सोड. बाईनें उत्तर दिलें त्याचा भाव असा, कीं मी नोंदणीस गेलें तें तुमच्यासाठीं नव्हे, माझ्यासाठीं. त्याच रात्रीं तिला घर सोडावें लागलें. थोड्याच दिवसांत, ती ज्या घरीं उतरली होती त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

बाई पुन्हां गेली. १९६३ च्या जानेवारींत परीक्षा पास झाली. पुढें मत देण्यास गेली तर म्हणतात, डोईपट्टीच्या दोन पावत्या दाखव! एक दार उघडावें तों आंत दुसरें. त्याच वर्षीं जूनमध्यें विनोना गांवच्या तुरुंगांत तिला असें मारलें कीं पुढें जन्मभर शरीर अधू राहिलें. १९६४ च्या ऑगस्टांत अटलांटिक सिटी शहरीं मोठ्या पक्षाच्या अधिवेशनांत ती उभी राहिली आणि हीच हकीकत साऱ्या देशास ऐकविली. देशाच्या अध्यक्षांस ती इतकी झोंबली कीं लोकांचें लक्ष दुसरीकडे जावें म्हणून त्यांनीं त्याच वेळीं घाईनें पत्रकारांस बोलाविलें. बाईच्या मंडळीस दोन जागा देऊं केल्या. मंडळीनें त्या घेतल्या नाहींत. भाकरीचा हक्क मागितला असतां तुकडा घेऊन परत जाणारीं तीं माणसें नव्हतीं.

कोणी म्हणत, "काळ्यांना मताची आवडच नाहीं, म्हणून ते नोंदणी करीत नाहींत." त्यास उत्तर म्हणून १९६३ सालीं चळवळीच्या लोकांनीं आपलीच एक निवडणूक मांडली. देवळांत, दुकानांत, रस्त्यावर पेट्या ठेविल्या. सरकारदरबारीं तिला किंमत नव्हती. तरीही ऐंशी हजारांवर लोकांनीं मतें टाकलीं. १९६४ च्या उन्हाळ्यांत नोंदणीस मदत करण्यास बाहेरगांवचे शेंकडों विद्यार्थी आले. २१ जून रोजीं नेशोबा कौंटींत चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुणांचा खून झाला; एक काळा, दोन गोरे. प्रेतें मातीच्या बांधाखालीं सांपडलीं.

अखेर ६ ऑगस्ट १९६५ रोजीं देशानें मताधिकाराचा कायदा केला. त्यानें तीन गोष्टी केल्या. वाचण्या-समजण्याची परीक्षा अशा राज्यांत बंद केली. जेथें कारकून दार उघडीना तेथें नोंदणीस वॉशिंग्टनहून माणसें पाठविलीं. आणि तिसरी व मुख्य गोष्ट, अशा राज्यांनीं निवडणुकीचा कोणताही नियम बदलावयाचा तर आधीं वॉशिंग्टनची परवानगी घ्यावी असें ठरविलें. फळ तत्काळ दिसलें. या कायद्यापूर्वीं मिसिसिपींत मत देण्याजोग्या काळ्यांपैकीं शेंकडा ६.७ जणांची नोंद होती. १९६७ सालीं शेंकडा ५९.८ झाली. माणसें तींच, त्यांची अक्कल तीच, शाळाही त्याच. फक्त दाराशीं बसलेला कारकून उठला.

डोईपट्टी मात्र राज्याच्या निवडणुकांत अद्याप होती. हॅटिझबर्गजवळचा व्हर्नन डेमर हा कष्टाळू शेतकरी. कापूस पिकवी, लांकडाची वखार चालवी, दुकानही होतें. त्यानें जाहीर केलें कीं डोईपट्टी आमच्या दुकानांत आणून द्या, आणि ज्यास जड जाते त्याची मी भरतों. १० जानेवारी १९६६ च्या रात्रीं त्याचें घर पेटविलें. बायकामुलें मागून बाहेर पडेपर्यंत तो धुरांत उभा राहून बंदुकीनें उत्तर देत होता. भाजलेल्या फुफ्फुसांनीं तो मेला. थोड्याच महिन्यांत डोईपट्टीही मेली. त्याच्या खुनामागच्या म्होरक्यास जन्मठेप झाली १९९८ सालीं. दोन डॉलरांच्या पावतीसाठीं माणसानें जीव द्यावा, इतकें त्या मतांत काय होतें? बंधूंनो, तें घेणाऱ्यांस ठाऊक होतें, म्हणून तर ते इतके भ्याले होते.

"चला, गोष्ट संपली," असें आपण म्हणाल. संपली नाहीं. पुढचा भाग रक्ताचा नाहीं, हिशेबाचा आहे. म्हणून अधिक नीट ऐका. १९६६ सालीं विधिमंडळानें कौंटीच्या कारभाऱ्यांची निवडणूक बदलण्याची सोय केली. आधीं पांच विभाग, प्रत्येकाचा एक कारभारी. आतां पांचही कारभारी साऱ्या कौंटीनें मिळून निवडावे. समजा आपल्या गांवाच्या पांच वाड्या आहेत आणि दोन वाड्यांत कारागिरांची वस्ती आहे. वाडीवार निवड झाली तर दोन पंच त्यांचे होतात. साऱ्या गांवानें पांचही पंच निवडावे असें केलें, तर तीन वाड्यांची मतें पांचही जागा नेतात. कोणाचें मत काढलें नाहीं. फक्त ताकांत पाणी इतकें घातलें कीं ताक उरलें नाहीं. १९६९ सालीं सर्वोच्च कोर्टानें निकाल दिला कीं असल्या बदलांसही वॉशिंग्टनची परवानगी हवी. अशा राखणीमुळें हळूहळू चित्र पालटलें. १९६७ सालीं रॉबर्ट क्लार्क हा शिक्षक विधिमंडळांत निवडून आला. कित्येक पिढ्यांनंतरचा पहिला काळा सभासद. आज तेथें शेंकडों काळे अधिकारी लोकांनीं निवडून दिलेले आहेत. हें यश खरें आहे, तें नाकारणें लबाडी होईल.

परंतु २०१३ सालीं सर्वोच्च कोर्टानें ठरविलें कीं कोणत्या राज्यांनीं परवानगी घ्यावी हें ज्या मोजमापानें ठरतें तें मोजमाप जुनें झालें. राखणदार गेला. २०११ सालीं मिसिसिपीच्या मतदारांनीं फोटोच्या ओळखपत्राची अट बहुमतानें मान्य केली होती; ती परवानगीसाठीं थांबली होती, ती २०१४ पासून लागू झाली. तिच्या बाजूचे म्हणतात, तोतया मतदार रोखावा, आणि ज्यापाशीं ओळखपत्र नाहीं त्यास सरकार फुकट देतें. विरुद्ध बाजूचे म्हणतात, पत्र फुकट असलें तरी कौंटीच्या गांवाची खेप आणि बुडालेली मजुरी फुकट नसते. दोन्ही बोलणीं आपण ऐकावीं. ज्यानें तहसीलदाराच्या कचेरीबाहेर दिवस काढला आहे, त्यास दुसऱ्या बोलण्याचें वजन सांगावयास नको.

आणखी पाहा. आपल्याकडे मतदारांची यादी सरकार करतें, घरोघर माणूस येतो. तिकडे नोंदणी ज्याची त्यानें करावी, आणि मिसिसिपींत ती निवडणुकीच्या तीस दिवस आधीं झालेली असावी. पुष्कळ राज्यांत मतदानाच्या दिवसाआधींच सवडीनें मत देतां येतें. मिसिसिपींत २०२४ च्या निवडणुकीसही तशी सर्वांस मोकळीक नव्हती. म्हातारपण, आजार, परगांवीं असणें, असें कांहीं कारण दाखवावें लागे. २०२३ च्या नोव्हेंबरांत जॅक्सन शहराच्या हाइंड्स कौंटींत कित्येक ठिकाणीं मतपत्रिकाच संपल्या, आणि रांगेंत लोक ताटकळत राहिले. कोणाचा डाव होता असें आम्ही म्हणत नाहीं. हलगर्जीपणही मत खातो, एवढेंच दाखवितों.

आणि १८९० च्या त्या घटनेचें शेपूट अजून हलतेंच आहे. गुन्ह्यांच्या यादींतून १९५० सालीं घरफोडी काढली, १९६८ सालीं खून आणि बलात्कार घातले. बाकीची बरीचशी यादी तीच. चोरींत लांकूडचोरीही येते. एकदां शिक्षा झाली, ती भोगून पंचवीस वर्षें सरळ वागला, तरी मत परत नाहीं. परत हवें तर गव्हर्नरची माफी पाहिजे, किंवा त्या एका माणसासाठीं विधिमंडळाच्या दोन्ही सभांनीं दोन-तृतीयांश मतांनीं ठराव करावा! एका गरिबासाठीं सारें विधिमंडळ कितीदां उठणार? हा नियम वर्णद्वेषांतून जन्मला म्हणून रद्द करावा अशी फिर्याद झाली. २०२२ सालीं वरच्या कोर्टानें सांगितलें, पुढच्या दुरुस्त्यांनीं तो डाग धुतला गेला. २०२३ सालीं सर्वोच्च कोर्टानें तें प्रकरण हातीं घेण्यास नकार दिला.

पण त्याच घटनेंतील दुसरी एक गांठ लोकांनींच सोडविली. गव्हर्नर व्हावयाचें तर साऱ्या राज्यांत बहुमत पाहिजेच, शिवाय विधिमंडळाच्या कनिष्ठ सभेच्या निम्म्याहून अधिक मतदारसंघांतही आघाडी पाहिजे, नाहींतर निवड ती कनिष्ठ सभा करणार, असा नियम होता. काळ्यांच्या पसंतीचा मनुष्य वर येऊं नये म्हणून तो घातलेला. २०२० च्या नोव्हेंबरांत मिसिसिपीच्या मतदारांनीं, काळ्यांनीं आणि गोऱ्यांनीं मिळून, प्रचंड बहुमतानें तो काढून टाकला. एकशें तीस वर्षांची गांठ मतानेंच सुटली. म्हणून निराश होऊं नये.

आतां आपल्या दाराशीं येऊं. मुंबई इलाख्यांत इंग्रजी अमदानींत मताचा हक्क शेतसाऱ्यावर, करावर, मिळकतीवर होता. ज्याच्या नांवें सारा नाहीं तो कुळवाडी, तो सुतार, तो कुंभार, त्याची बायको, हीं सगळीं बाहेर. तेव्हांही कोणी "अमक्या जातीस मत नाहीं" असें लिहिलें नव्हतें. सातबाराच बोलत होता. १९५० च्या घटनेनें आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीनें तें सारें पुसलें, आणि झोपडीतल्या म्हातारीस व वाड्यांतल्या मालकास एक एक मत दिलें. मिसिसिपीच्या काळ्या शेतकऱ्यास जें १९६५ सालीं रक्त सांडून मिळालें तें आपणांस त्याहून आधीं मिळालें. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं, म्हणून ही कथा सांगितली.

हिच्यांतून तीन गोष्टी पदरीं बांधून घ्या. पहिली, कायद्यांत आपलें नांव घेऊन शिवी नसली म्हणजे कायदा आपल्या भल्याचा आहे असें नाहीं. अट कोणती, ती कोणास जड जाते, आणि ती पुरी झाली कीं नाहीं हें ठरविणारा कोण, हे तीन प्रश्न विचारा. दुसरी, शेजाऱ्याचें मत जातें तेव्हां स्वस्थ बसूं नका. गरीब गोऱ्याची गोष्ट आठवा. तिसरी, यादी लागली कीं स्वतः जाऊन वाचा. स्वतःचें, बायकोचें, म्हाताऱ्या आईचें, नव्यानें अठरा वर्षांच्या झालेल्या मुलीचें नांव बोट ठेवून पाहा. वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या पोरास घेऊन जा. नांव नसेल तर मुदतीच्या आंत अर्ज द्या आणि पोंच घ्या. निवडणुकीच्या दिवशीं रडण्यापेक्षां महिनाभर आधीं खेटा घातलेला बरा.

पिवळ्या मोटारीचा दंड भरून, घर गमावून, मार खाऊन एक कापूस वेंचणारी बाई त्या कारकुनापुढें पुन्हां पुन्हां जाऊन उभी राहिली. आपल्याला तर गांवांतल्या शाळेपर्यंतच चालत जावयाचें आहे. तेवढें चालूं या. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.